बीएमआय घरी काढताना: काटा, भिंत आणि शिंप्याची टेप

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे. चुका होतात त्या हिशेबाच्या आधी आणि नंतर. आधी उंची-वजन धड मोजलेलं नसतं. नंतर आलेला आकडा परदेशी तक्त्यावर ठेवून "नॉर्मलमध्ये बसतो की!" म्हणत समाधान मानलं जातं. कोकणपट्टीत तर आणखी एक समज घट्ट आहे: भात-मासे खाणाऱ्या आणि घाटी चढणाऱ्या माणसाला वजनाची काळजी नको. शेजारच्या गोव्यात जेवण जवळपास हेच आणि समुद्रही हाच. तरी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यातच निघालं, २६.४ टक्के.

आधी काटा तपासा

खारी हवा हा वजनकाट्याचा पहिला शत्रू. गोल तबकडीच्या काट्यातली स्प्रिंग किनाऱ्यावर दोन-चार पावसाळ्यांत गंज धरते. बाजूचं चाक फिरवून सुई शून्यावर आणता येते, पण शून्य बरोबर म्हणजे साठ किलोही बरोबर असं नाही. शून्यावर बिनचूक असलेला काटा वरच्या वजनाला दोन किलोने फसवू शकतो. त्यामुळे तपासणी माणसाच्या वजनाच्या आसपासच करायला हवी.

ती अशी करा. आधी नुसते काट्यावर उभे राहा आणि आकडा लिहा. मग दुकानातून मोजून आणलेली दहा किलो तांदळाची सीलबंद पिशवी उचलून पुन्हा उभे राहा. फरक दहा किलोचा यायला हवा. दोन-तीनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतील, पण अर्ध्या किलोच्या वर फरक पडला तर तो काटा फक्त "वाढलं की घटलं" एवढंच सांगण्याच्या लायकीचा आहे. बीएमआयसाठी दुसरा शोधा. गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा असतोच. तांदूळ नसेल तर पाणी वापरा. लिटरभर पाणी म्हणजे जवळजवळ बरोबर एक किलो, फक्त रिकाम्या कॅनचं वजन वजा करायला विसरू नका.

जमीनही पाहायला हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, चटईवर किंवा सतरंजीवर काट्याचे पाय रुततात आणि वजन भलतंच दाखवलं जातं. लादी किंवा शहाबादी फरशीवर ठेवा. तशी जागा घरात नसेल तर जाड प्लायची फळी खाली घाला आणि काटा डुगडुगत नाही ना हे हाताने दाबून पाहा. डिजिटल काटा जागेवरून हलवल्यावर पहिलं वाचन सोडून द्यावं. तो स्वतःचं शून्य तेव्हा शोधत असतो.

वजन सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा. अंगावर कमीत कमी कपडे असावेत आणि दर वेळी तेच असावेत. नऊवारी नेसूनच मोजायचं असेल तर लुगड्याचं वजन एकदा वेगळं करून ठेवा आणि दर वेळी वजा करा.

एका दिवसात वजन एक-दोन किलोने सहज खालीवर होतं आणि त्याचा चरबीशी काही संबंध नसतो. रात्री खारा बांगडा, सुक्या जवळ्याची चटणी, पापड आणि लोणचं असं जेवण झालं तर मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर जातो. पाळीच्या आधी काही बायकांचं वजन असंच वाढलेलं दिसतं. उलट कडक उपास केला की दुसऱ्या दिवशी किलोभर उतरलेलं दिसतं. तेही बहुतेक पाणीच असतं आणि पारणं झालं की परत येतं. लागोपाठ तीन सकाळी मोजून सरासरी काढा आणि तीच खरी माना.

उंचीसाठी गुण्या वापरा

उंची हिशेबात वर्गाने येते, म्हणून तिथली चूक दुप्पट महाग पडते. आणि लोक नेमकी उंचीच अंदाजाने सांगतात. पंचविसाव्या वर्षी कुठल्याशा फॉर्मवर लिहिलेली उंची पंचावन्नाव्या वर्षीही तशीच चालू असते. पुरुषमंडळी त्यात एखादा इंच आपणहून टाकतात, हेही आहेच.

चिऱ्याची उघडी भिंत उपयोगाची नाही. गिलावा केलेली, तळाशी पट्टी नसलेली सरळ भिंत हवी, नाहीतर दाराची चौकट. चपला काढा. अंबाडा सोडा आणि गजरा, क्लिप, टोपी बाजूला ठेवा. टाचा, नितंब आणि खांद्यांची पाती भिंतीला टेकलेली असावीत. डोकं मागे टेकलंच पाहिजे असं नाही. नजर समोर अशी ठेवा की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका पातळीत येईल. हनुवटी वर केली की उंची बदलते, आणि फोटोला उभं राहिल्यासारखे सगळे तेच करतात. दीर्घ श्वास घ्या आणि दुसऱ्या माणसाला डोक्यावर काटकोन ठेवू द्या.

हा काटकोन कशाचा घ्यायचा हा मुद्दा बारीक वाटतो, पण खरी चूक तिथेच होते. पट्टी किंवा वही डोक्यावर ठेवली की ती पुढून किंवा मागून कलते आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची फसगत होते. सुताराचा गुण्या मिळाला तर उत्तम. त्याची एक भुजा भिंतीला सपाट लावून दुसरी डोक्यावर टेकवायची, केस दाबले जाईपर्यंत. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक घ्या आणि त्याची कणा असलेली बाजू पूर्ण भिंतीला चिकटवा. खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासून स्टीलच्या टेपने सेंटीमीटरमध्ये मोजा. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्त भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून वजनाबरोबर उंचीही सकाळीच घ्यावी.

हिशेब आणि फूट-इंचाचा सापळा

समजा उंची ५ फूट २ इंच आहे. सगळे इंच करा: ५ गुणिले १२ अधिक २, म्हणजे ६२. इंचाला २.५४ ने गुणा: १५७.५ सेंटीमीटर, म्हणजे १.५७५ मीटर. त्याचा वर्ग २.४८. वजन ५८ किलो असेल तर ५८ भागिले २.४८, उत्तर २३.४.

मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये लोक ५ फूट १० इंच "५.१०" असं टाकतात. यंत्र ते ५.१ फूट समजतं, म्हणजे १५५ सेंटीमीटर. खरी उंची १७८ असते. ७० किलोच्या त्या माणसाचा खरा बीएमआय २२.१, यंत्राने दाखवलेला २९. असा आकडा बघून धास्तावलेली माणसं कमी नाहीत. फूट टाकायचेच असतील तर फूट आणि इंच वेगवेगळ्या चौकोनांत टाका, नाहीतर सरळ सेंटीमीटर.

रोज भागाकार नको असेल तर पुढचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. प्रत्येक उंचीपुढे तीन वजनं आहेत: बीएमआय १८.५, २३ आणि २५ ला पडणारी.

४ फूट १० इंच: ४०, ५०, ५४ किलो
५ फूट: ४३, ५३.५, ५८ किलो
५ फूट २ इंच: ४६, ५७, ६२ किलो
५ फूट ४ इंच: ४९, ६१, ६६ किलो
५ फूट ६ इंच: ५२, ६४.५, ७० किलो
५ फूट ८ इंच: ५५, ६८.५, ७४.५ किलो
५ फूट १० इंच: ५८.५, ७२.५, ७९ किलो

आपल्यासाठी २३, २५ नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ तक्त्यात १८.५ ते २४.९ निरोगी, २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. ही मापं मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आजार-मृत्यूंवरून ठरली. २००४ मध्ये त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या जादा खुणा सुचवल्या. भारतातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आणखी स्पष्ट केलं: १८ ते २२.९ निरोगी, २३ ते २४.९ जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. २०२५ च्या भारतीय मांडणीत २३ च्या वरच्यांचे दोन टप्पे केले आहेत. चरबी वाढली आहे पण अवयवांवर परिणाम नाही, तो पहिला. पोट सुटलं आहे आणि सोबत गुडघे, दम, साखर किंवा रक्तदाब अशी तक्रार आहे, तो दुसरा.

आपली खूण खाली का, याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे काट्याला दोघे सारखे आणि आतून दुपटीहून जास्त फरक. याज्ञिक यांच्याच चमूने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मापासून दिसला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी, चरबीत मात्र फारशी कमी नाहीत. हडकुळ्या दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत साखर निघते तेव्हा घरचे चकित होतात, त्याची ही पार्श्वभूमी.

एक गोष्ट बीएमआयच्या बाजूनेही सांगायला हवी. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या आडोल्फ केटले या गणितज्ञाने मांडलं. त्याला लोकसंख्येतला "सरासरी माणूस" शोधायचा होता, कुणाचा आजार नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिलं, तेही हजारो माणसांच्या गटाची तुलना करण्यासाठी आणि केवळ पुरुषांच्या मोजमापांवरून. गावाचा किंवा जिल्ह्याचा अंदाज घ्यायला हे माप अजूनही चांगलं आहे. एकट्या माणसाला मात्र त्याच्या जोडीला टेप लागते.

टेप कुठे लावायची

शिंप्याची कापडी टेप वापरताना ताणून सैल होते. आधी ती स्टीलच्या टेपशेजारी ठेवा आणि शंभर सेंटीमीटरला दोन्ही जुळतात का पाहा. घरातली जुनी टेप दोन सेंटीमीटरने खोटी असणं नवलाचं नाही.

पोट उघडं ठेवून उभे राहा, पाय थोडे फाकवून. कुशीत बोटांनी शेवटची बरगडी शोधा आणि तिथे पेनाने ठिपका द्या. खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, तिथे दुसरा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप जाते. परकराची नाडी जिथे काळा वळ उठवते ती जागा बहुतेक बायकांत याच्या खाली असते. पुरुष पँट पोटाखाली सरकवून नेसतात, म्हणून "माझी कंबर ३४" हे पँटचं माप असतं, पोटाचं नाही. त्याच माणसाच्या पोटाचा घेर ३९ इंच निघतो.

टेप मागून-पुढून जमिनीला समांतर हवी. आरशात किंवा दुसऱ्याकडून पाठीमागे खाली उतरली नाही ना ते पाहा. टेप कातडीला लागावी पण रुतू नये. सहज श्वास सोडा आणि त्या टोकाला वाचा. पोट आत ओढून घेतलेलं माप फाडून टाका.

भारतीयांसाठी मर्यादा: पुरुष ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या किंचित आत. बाई ८० सेंटीमीटर, साडेएकतीस इंच. याहून सोपा नियम असा की पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. सुतळी उंचीएवढी कापा, दुमडा आणि पोटाभोवती लावा. टोकं भेटली नाहीत तर घेर जास्त आहे.

हे का करायचं ते दोन माणसं शेजारी उभी केली की कळतं. वेंगुर्ल्याचा ट्रॉलरवरचा खलाशी आणि रत्नागिरीच्या कचेरीतला कारकून, दोघेही १६८ सेंटीमीटर, ६८ किलो. बीएमआय दोघांचा २४.१, दोघेही "जादा वजन". खलाशाचं पोट ८२ सेंटीमीटर, उंचीच्या ०.४९ पट. त्याचं वजन जाळी ओढून कमावलेल्या खांद्या-पाठीत आहे. कारकुनाचं पोट ९६, उंचीच्या ०.५७ पट. त्याचे हातपाय बारीक आहेत आणि चरबी आतड्यांभोवती, यकृतात साठली आहे. ही आतली चरबी सतत मेदाम्लं यकृताकडे सोडते, इन्सुलिनचं काम बिघडवते, आणि साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), रक्तदाब हळूहळू वर जातात. पहिल्याला वजन उतरवायला सांगणं चुकीचं, दुसऱ्याला "एकच पॉइंट वर आहे, चालतंय" म्हणणं त्याहून चुकीचं.

हा तक्ता कुणाला लावू नये

अठराच्या आतल्या मुलांना अजिबात नाही. त्यांचा बीएमआय वयानुसार बदलतो. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलगा-मुलगी वेगळे. त्यांत "मोठेपणीच्या २३" आणि "मोठेपणीच्या २७" अशा रेषा दिलेल्या असतात. दहा वर्षांच्या मुलाचा १७ आला म्हणून त्याला तूप चारायला लागू नका. पाचाच्या आतल्यांसाठी अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद आणि दंडाची पट्टी असते. सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित आहे, वाट पाहू नये.

गरोदर बाईचा बीएमआय दिवस राहण्यापूर्वीच्या वजनावरून धरतात. पायांना सूज, जलोदर, हत्तीरोगाचा पाय असेल तर काट्यावर पाणी मोजलं जातं, माणूस नाही.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत दोन्हीकडून फसगत होते. १६० सेंटीमीटरची बाई मणके खचून १५६ ची झाली तर ५६ किलोलाच तिचा बीएमआय २१.९ वरून २३ होतो, एक ग्रॅमही न वाढता. दुसरीकडे स्नायू झिजून त्यांच्या जागी चरबी आली तर आकडा हलतच नाही. पाठीला बाक असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर घ्या, ते तरुणपणीच्या उंचीच्या जवळ असतं. आणि सत्तरीच्या आजीचा बीएमआय २४ असेल तर तिला भात कमी करायला लावण्यापेक्षा खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा.

आकडा हातात आल्यावर

२३ च्या वर किंवा पोट मर्यादेबाहेर, यांतलं एकही असेल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. उपाशी साखर १०० ते १२५ किंवा सरासरी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून मधुमेह, पण तो दुसऱ्या तपासणीत पक्का झाल्यावरच.

एकदम "आदर्श वजना"मागे लागू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर आणि दाब दोन्ही सुधारतात. ७५ किलोच्या माणसाला हे चार ते साडेसात किलो. आठवड्याला अर्धा किलो ही चाल पुरेशी. त्यासाठी रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी पडायला हव्यात. त्या शोधायला कोकणी जेवण मोडायची गरज नाही. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. १०० ग्रॅम तांदूळ, शिजवण्यापूर्वीचे, साधारण ३५० कॅलरी, म्हणून एका वेळचा भात वाटीने मोजून घाला. डाव वर-खाली करून नको. ओला नारळ शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या पुढे जातो. आमटीत, भाजीत आणि वर सोलकढीत असा तीनदा येत असेल तर एका जेवणात एकदाच येऊ द्या. मासे सोडायचे नाहीत. तव्यावर रवा लावून तळलेल्या सुरमईपेक्षा तिखलं किंवा सार केलेला बांगडा बरा, कारण चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी आणि रवा ते पिऊन टाकतो. कोकम सरबताचा तयार अर्क मात्र सरबत नाही, तो साखरेचा पाक आहे.

१८.५ च्या खाली असणाऱ्यांकडे आपण "काटक" म्हणून दुर्लक्ष करतो, विशेषतः शेतीत राबणाऱ्या बायकांकडे. १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशपणा. आधी हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या खाली असेल तर पंडुरोग आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, मग बीएमआय कितीही असो, तपासणी हवीच: मधुमेह, थायरॉइड, क्षय. सोबत दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

नोंद कशी ठेवाल

महिन्यातून एकदा वजन, तीन महिन्यांतून एकदा पोट, वर्षातून एकदा उंची. त्याहून जास्त मोजण्यात अर्थ नाही. तुलना मात्र त्याच ऋतूशी करा. लावणीच्या दिवसांत शेतकरी बाईचं वजन उतरलेलं असतं, तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी बसलेल्या खलाशाचं चढलेलं. मे महिन्यात आंबे-फणस, भाद्रपदात मोदक आणि मुंबईहून आलेले पाहुणे. यंदाचा ऑगस्ट गेल्या ऑगस्टशी ताडून पाहिला तरच फरक खरा कळतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठरलेल्या तारखेच्या चौकोनात एवढंच लिहा: "६३.४ / ८८ / सकाळ, लादीवर". शेवटचे दोन शब्द गाळू नका, काटा कुठे ठेवला होता हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.